कामाचे माप

माणूस कामाचा की बिनकामाचा, हे आपण फार लवकर ठरवतो. पीक चांगले आले की म्हणतो, "सालदार लाखात एक!" नापिकी झाली की म्हणतो, "काढून टाका याला." पाऊस किती पडला, रान कसे होते, बी कसे होते, हे कोणी विचारत नाही. एका शब्दाने माणसाची भाकर जाते. म्हणून असा शब्द तोंडातून काढण्याआधी हिशेब मांडावा.

हिशेब कसा मांडावा, हे आज आपण एका क्रिकेटच्या प्रशिक्षकावरून शिकू. प्रशिक्षक म्हणजे संघाला शिकवणारा, सराव करून घेणारा. लोक त्याला कोच म्हणतात. सामना सुरू झाला की तो मैदानाबाहेर बसतो. खेळतात दुसरेच. मग त्याचे काम मोजायचे कसे?

चंद्रकांत पंडित हे मुंबईचे. जन्म १९६१ सालचा. ते यष्टिरक्षक होते. भारताकडून ५ कसोटी सामने खेळले आणि पुढे प्रशिक्षक झाले. त्यांच्या कामाचा हिशेब घेऊ या.

१. आधी काय होते ते पाहा.

रणजी करंडक ही देशातल्या राज्यांच्या आणि विभागांच्या संघांची मोठी स्पर्धा आहे. आमचे धनज वाशीम जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. तेव्हा विदर्भाचा संघ तो आपला संघ. हा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. पण जवळजवळ ६० वर्षे करंडक काही हाती आला नाही. २०१७ साली पंडित विदर्भाचे प्रशिक्षक झाले. त्याच हंगामात इंदूरच्या मैदानावर विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवले आणि करंडक घरी आणला. पुढच्या हंगामात नागपूरला सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव केला. करंडक घरातच राहिला.

याच पंडितांच्या हाताखाली मुंबईनेही २०१५-१६ साली करंडक जिंकला होता. पण मुंबईने तो त्याआधी ४० वेळा जिंकलेला होता! काळ्या कसदार रानात पीक येतेच. मुरमाड रानात आले तर शेतकऱ्याचे कसब जास्त. करंडक तोच, पण विदर्भाच्या करंडकाचे वजन अधिक धरावे लागेल.

२. श्रेय वाटून द्या.

एकट्या प्रशिक्षकाने सामना जिंकला असे होत नाही. कप्तान फैज फझल होता. दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. सौराष्ट्राविरुद्ध आदित्य सरवटेने ११ गडी टिपले. वसीम जाफरने २०१८-१९ च्या हंगामात १०३७ धावा काढल्या, आणि जाफर तर पंडितांच्या आधीच विदर्भात आला होता.

आणखी एक बघा. पंडित येण्याआधी २०१४-१५ आणि २०१५-१६ या दोन्ही हंगामांत विदर्भ शेवटच्या आठ संघांत पोहोचला होता. म्हणजे विहीर आधीच खोदत आणली होती, पाणी पंडितांच्या वेळी लागले. उलट २०१९-२० साली पंडित असूनही विदर्भ शेवटच्या आठांत आला नाही. नंतर ते मध्य प्रदेशाकडे गेले. २०२४-२५ साली उस्मान घनी प्रशिक्षक असताना विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. तेव्हा माणूस येण्याआधी काय होते आणि तो गेल्यावर काय झाले, दोन्ही पाहावे.

३. शेकडा काढा.

आयपीएल नावाच्या स्पर्धेत पंडित तीन वर्षे कोलकाता संघाचे प्रशिक्षक होते. त्यांचा हिशेब असा :

२०२३ – सामने १४, जिंकले ६, हरले ८.
२०२४ – सामने १६, जिंकले ११, हरले ३, पावसाने गेले २.
२०२५ – सामने १४, जिंकले ५, हरले ७, पावसाने गेले २.
एकूण – सामने ४४, जिंकले २२, हरले १८, पावसाने गेले ४.

४४ पैकी २२ जिंकले, म्हणजे शेकडा ५०. पण पावसाने गेलेले ४ सामने सोडले तर उरले ४०. चाळिसांत २२, म्हणजे शेकडा ५५. दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणून कोणी शेकडा सांगितला की लगेच विचारावे, "कितीपैकी किती?"

४. एका सालावर निकाल देऊ नका.

कोलकाता संघ २०२३ साली सातवा आला, २०२४ साली पहिला, २०२५ साली आठवा. फक्त २०२४ पाहणारा म्हणेल, जादूगार आहे. फक्त २०२५ पाहणारा म्हणेल, निकामी आहे. माणूस तर तोच! रुपयाचे नाणे १४ वेळा उडवून पाहा. दर वेळी सात छापे आणि सात काटे पडतात का? नाही. कधी नऊ-पाच, कधी सहा-आठ. थोड्या सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. सामने वाढले की तो कमी होत जातो.

मुंबईचा संघ २०१६-१७ साली इंदूरला अंतिम सामना हरला आणि मुंबईने प्रशिक्षक बदलला. पुढच्याच हंगामात त्याच इंदूरला पंडितांचा विदर्भ जिंकला.

आता निकाल काय? मुंबईबरोबर ३, विदर्भाबरोबर २ आणि मध्य प्रदेशाबरोबर २०२१-२२ साली १, असे पंडितांच्या प्रशिक्षणाखाली रणजीचे ६ करंडक झाले. विदर्भ आणि मध्य प्रदेश या दोघांचा तो पहिलाच करंडक होता. एका ठिकाणचे यश योगायोग असू शकते. तीन ठिकाणी तेच घडले तर त्यात माणसाचा हात आहे असे मानावे. रणजीत त्यांचे काम भारी, आयपीएलमध्ये मध्यम. आमच्या मते हा निकाल न्यायाला धरून आहे.

उद्या ग्रामसभेत शाळेच्या गुरुजींविषयी किंवा सोसायटीच्या सचिवाविषयी बोलणे निघेल. तेव्हा या चार गोष्टी आठवा, आणि मगच हात वर करा.

अभ्यास

१. एका शाळेत ४० मुले परीक्षेला बसली, २८ पास झाली. शेकडा किती?
२. त्या शाळेचा निकाल आधीच्या साली शेकडा ४५ होता. शेजारच्या शाळेचा निकाल दोन्ही साली शेकडा ९० लागला. कोणत्या गुरुजींनी जास्त काम केले? ठरवण्याआधी आणखी काय विचाराल?
३. तुमच्या रानातले गेल्या पाच सालांचे कापसाचे पीक वहीत लिहा. सगळ्यात चांगले साल कोणते? ते कशामुळे चांगले गेले?