मेजर मँटचं गणित

थर्ड इयर सिव्हिलची इंडस्ट्रियल व्हिजिट बडोद्याला गेली होती, तेव्हा एक दुपार मोकळी मिळाली. निम्मी मंडळी शेव-उसळ खायला पळाली आणि उरलेले आम्ही लक्ष्मीविलास राजवाडा बघायला गेलो. हा राजवाडा गायकवाडांचा, म्हणजे आपल्या मराठ्यांचा, एवढंच तेव्हा माहीत होतं. परत आल्यावर लायब्ररीत बसून थोडं वाचलं आणि वाटलं, की या वास्तूत आपल्यासारख्या इंजिनियरिंगवाल्यांसाठी एक धडा आहे. तोच इथे मांडतोय.

आधी थोडा इतिहास. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केलं. त्यानंतर महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच पुढे महाराजा सयाजीराव (तिसरे) झाले. १८८० मध्ये त्यांचं लग्न तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं आणि त्याच सुमारास नव्या राजवाड्याचं काम सुरू झालं. लक्ष्मीविलास हे नाव या राणीसाहेबांवरूनच पडलं असं मानतात. पण पुरा झालेला राजवाडा बघणं त्यांच्या नशिबात नव्हतं. १८८५ मध्ये त्या वारल्या आणि राजवाडा तयार झाला १८९० मध्ये. खर्च आला सुमारे १,८०,००० पौंड.

बाहेरून बघताना मान दुखते! दर्शनी भाग जवळजवळ ५०० फूट लांब आणि मनोरा २०० फुटांहून उंच. कुठे राजस्थानी पद्धतीचे झरोके, कुठे मुसलमानी घुमट, कुठे युरोपियन कमानी. या मिश्र शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात. भिंतींचा सोनेरी दगड सोनगढच्या खाणीतला, तर निळसर काळा दगड चक्क पुण्याकडून आणलेला. म्हणजे आपण ज्याला बसाल्ट म्हणून प्रॅक्टिकलला हातोडी मारतो, तोच.

आत सगळ्यात बघण्यासारखा म्हणजे दरबार हॉल. एवढा मोठा हॉल, पण मध्ये एकही खांब नाही. खाली व्हेनिशियन मोझॅइकची जमीन. ती बसवायला थेट व्हेनिसहून कारागीर आले होते. खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा. दुपारचं ऊन त्यातून आत येतं आणि जमिनीवर रंग सांडतात. वर जाळीदार सज्जे आहेत, तिथे बसून राजघराण्यातल्या स्त्रिया दरबार बघत. गादी हॉलमध्ये गायकवाडांची गादी आहे, शस्त्रागारात तलवारी आणि जिन्यांच्या आसपास फेलिची या इटालियन शिल्पकाराचे पुतळे.

चित्रांसाठी महाराजांनी राजा रविवर्म्याला बोलावलं. या राजवाड्यासाठी त्याला पुराणांवरची १४ चित्रं काढायला सांगितली आणि त्याबद्दल ५०,००० रुपये दिले. त्याची बरीच चित्रं आज राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये बघायला मिळतात. हे म्युझियम ज्या इमारतीत आहे ती पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. मुलांना शाळेत न्यायला आवारात छोटी आगगाडीसुद्धा होती! (आपल्या हॉस्टेलपासून वर्कशॉपपर्यंत अशी काही सोय होईल का, याचा विचार व्हावा ही नम्र विनंती.)

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं डिझाइन केलं कोणी? मेजर चार्ल्स मँट या ब्रिटिश फौजेतल्या इंजिनियरने. कोल्हापूरचा न्यू पॅलेस बघितला असेल तर त्याचं काम तुम्ही बघितलंय. तोही मँटचाच. पण बडोद्याचं काम मँटच्या हातून पुरं झालं नाही. १८८१ मध्येच तो वारला. बडोद्यात त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. म्हणे, आपली गणितं चुकलीत, इमारत कोसळणार, या धास्तीने त्याला घेरलं आणि त्यातच त्याचं मन ढासळलं.

त्याला नेमकी कशाची भीती वाटली असेल, हे आपण समजू शकतो. दगडी बांधकाम दाबाला दणकट, ताणाला कच्चं. कमान फक्त खाली दाबत नाही, ती बाजूलाही रेटते. हा रेटा भिंतीच्या मधल्या तृतीयांशात राहिला तर भिंतीत ताण येत नाही. तो त्याच्या बाहेर सरकला की एका बाजूचे सांधे उघडायला लागतात. त्यात बडोदं हे विश्वामित्री नदीच्या काठचं शहर, जमीन गाळाची. उंच मनोऱ्याखालची जमीन जास्त दबली आणि शेजारची कमी, तर तडे गेलेच म्हणून समजा. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही. सगळे आकडे हाताने. अशा वेळी रात्री झोप उडाली तर नवल नाही.

मँटच्या मागे हे काम रॉबर्ट चिझमने पुरं केलं. मद्रासचं सिनेट हाउस त्याचंच, आणि बडोदा कॉलेजची मोठ्या घुमटाची इमारतसुद्धा. अर्ध्यावर सुटलेलं काम दुसऱ्याने उचलायचं, म्हणजे पहिल्याची ड्रॉइंग्ज समजून घ्यावी लागतात. राजवाडा उभा राहिला. २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला, त्याचे धक्के सगळ्या गुजरातला बसले. राजवाडा आजही उभा आहे. म्हणजे जी इमारत पडेल म्हणून एक माणूस आतून मोडला असं सांगतात, ती पडलीच नाही.

सर लोक आपल्याला फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकवतात. लोड किती येईल, मटेरियल कितपत चांगलं असेल, याची खात्री नसते म्हणून आपण जास्तीची ताकद ठेवतो. इमारतीला एवढी सूट देतो, पण स्वतःला देत नाही. गणितावर शंका येणं हे चांगल्या इंजिनियरचं लक्षण आहे. वाईट एवढंच, की ती शंका एकट्याने घेऊन बसणं. साइटवर डिझाइन दुसऱ्याकडून तपासून घेतात, त्यात कमीपणा कोणी मानत नाही. मग आपल्यालाच का वाटतो? सबमिशनच्या आदल्या रात्री, केटी लागल्यावर, प्रोजेक्ट चालत नसताना शेजारच्या रूमचं दार वाजवायचं, सरांना गाठायचं. बहुतेक वेळा आकडा बरोबरच निघतो. चुकला असेल तर दुरुस्त करता येतो.

एक गोष्ट राहिली. राजवाड्यात फरशी व्हेनिसची, काच बेल्जियमची, डिझाइन इंग्रजाचं. पण ज्या १८९० मध्ये राजवाडा पुरा झाला, त्याच वर्षी सयाजीरावांनी बडोद्यात कलाभवन सुरू केलं, आपल्याच मुलांना तंत्रशिक्षण देण्यासाठी. प्रो. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आज ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे, आणि आपल्यासारखीच पोरं तिथे जर्नलं लिहीत बसलेली असतात.

पुढच्या बॅचला एवढंच सांगणं आहे, की बडोद्याला गेलात तर आधी राजवाडा बघा. शेव-उसळ संध्याकाळीसुद्धा मिळते.