आंबट चेरी आणि खर्जूरादि मंथ : फळांच्या पेयाचा सशास्त्र विचार

गेल्या काही वर्षांपासून चिकित्सालयात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "वैद्यराज, गाऊटवर आंबट चेरीचा रस चांगला म्हणतात. घेऊ का?" परदेशी राहणारा मुलगा बाटली पाठवतो, औषधी दुकानाच्या फळीवर तीच बाटली दिसते आणि रुग्णाने ती बहुधा आपल्याकडे येण्यापूर्वीच सुरू केलेली असते. अशा वेळी 'हे आपल्या शास्त्रात नाही' असे म्हणून विषय टाळणे सोपे असते. परंतु त्यामुळे रुग्ण रस सोडत नाही, केवळ आपल्याला सांगणे सोडतो. म्हणून या फळाचा, त्याच्या उपयोगाचा आणि ते वापरावयाचे झाल्यास योग्य कल्पनेचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

द्रव्य परिचय

बाजारात चेरी या एकाच नावाखाली तीन वेगळी फळे मिळतात. त्यांची ओळख वैद्य व औषधी दुकानदार या दोघांनाही हवी.

१) गोड चेरी (प्रुनस एव्हियम) : काश्मीर व हिमाचल प्रदेशातून मे-जून महिन्यांत येणारी ताजी चेरी ती हीच. काश्मिरात तिला गिलास म्हणतात.

२) आंबट चेरी (प्रुनस सेरॅसस) : अमेरिकेतील मिशिगन राज्यात हिची मोठी लागवड असून 'माँटमोरेन्सी' ही तेथील प्रमुख जात आहे. आपल्याकडे ती गोठवलेली, सुकवलेली अथवा घट्ट रसाच्या रूपात येते.

३) केकवरची लाल चेरी : ही पुष्कळदा चेरी नसतेच. आपल्या डोंगरावरचे करवंद बी काढून, साखरेच्या पाकात मुरवून व रंग देऊन ती तयार करतात. यातील साखर व रंग पाहता औषधी विचारात तिला स्थान नाही. मात्र ताजे करवंद म्हणजेच करमर्द. चरकाचार्यांनी हृद्य दशेमानीत आम्र, वृक्षाम्ल, बदर, दाडिम व मातुलुंग यांच्या पंक्तीत त्याची गणना केली आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

आंबट चेरीच्या फळाचे स्वतंत्र गुणवर्णन बृहत्त्रयीत नाही. तथापि तिचे कुल आपल्याला अपरिचित नाही. पद्मक (प्रुनस सेरासॉइडिस) हा हिमालयातील रानचेरीचा वृक्ष आहे. एलवालुक हे द्रव्यही काही आधुनिक निघंटुकार याच प्रजातीतील चेरीशी जोडतात. ही दोन्ही द्रव्ये चरकोक्त वेदनास्थापन दशेमानीत आली आहेत. हे साम्य लक्षवेधी असले तरी एक सावधगिरी आवश्यक आहे. पद्मकाचे काष्ठ व त्वचा आपण वापरतो. त्वचेचे गुण फळाला लावणे द्रव्यगुणशास्त्राला मान्य होणार नाही.

आधुनिक संशोधन काय सांगते?

1950 मध्ये अमेरिकेतील लुडविग ब्लाऊ यांनी चेरी खाल्ल्याने गाऊटच्या 12 रुग्णांना आराम पडल्याचे प्रसिद्ध केले. तेथून हा विषय सुरू झाला. 2003 मध्ये कॅलिफोर्नियात 10 निरोगी स्त्रियांना 280 ग्रॅम गोड चेरी दिली असता काही तासांत रक्तातील युरिक ॲसिड घटलेले आढळले. 2012 मध्ये बोस्टन येथील संशोधकांनी गाऊटच्या 633 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. चेरी सेवनाच्या दोन दिवसांत वेगाची शक्यता 35 टक्क्यांनी कमी दिसली, आणि ॲलोप्युरिनॉल या औषधासह चेरी घेणाऱ्यांत ती 75 टक्क्यांनी कमी होती. यातील 'औषधासह' हा शब्द महत्त्वाचा आहे. जाहिरातीत तो गळतो.

याची दुसरी बाजूही पाहावी. न्यूझीलंडमध्ये गाऊटच्या 50 रुग्णांना आंबट चेरीचा घट्ट रस निरनिराळ्या मात्रांत 28 दिवस दिला. रक्तातील युरिक ॲसिडवर त्याचा परिणाम दिसला नाही. हे निष्कर्ष 2020 मध्ये छापून आले. निद्रा व व्यायामजन्य स्नायुवेदना यांवरही काही प्रयोग झाले आहेत. 2010 मध्ये लंडन मॅरेथॉनच्या 20 धावपटूंत रस घेणाऱ्यांची शक्ती लवकर भरून आली. याच सुमारास निद्रानाश असलेल्या 15 वृद्धांत अल्पसा लाभ दिसला. फळात मेलॅटोनिन अल्प प्रमाणात असते आणि लाल रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये शोथ कमी करण्यास साहाय्य करतात, अशी यामागील उपपत्ती आहे. प्रयोग लहान आहेत. त्यांवरून फळ पथ्यकर मानता येईल, परंतु औषधाच्या जागी ठेवता येणार नाही.

आमच्या अनुभवातील एक रुग्ण

सुमारे 52 वर्षांचे एक गृहस्थ वातरक्तासाठी आमच्याकडे येत असत. सोबत स्थौल्य व नव्याने निदान झालेला मधुमेह होता. गुडूची, कैशोर गुग्गुळ, पथ्य आणि त्यांच्या डॉक्टरांचे युरिक ॲसिडचे औषध यांवर आठ महिने वेग आला नव्हता. नंतर ते तीन महिने आले नाहीत. आले ते मुलाच्या खांद्यावर हात टाकून, उजव्या पायाचा अंगठा लाल व सुजलेला. आम्ही आहार विचारला, औषधे विचारली, रात्रीचे जागरण विचारले. कारण सापडेना. शेवटी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, ते रसाचं सांगा ना." दुकानात 'गाऊटवर रामबाण' म्हणून मिळालेला गोड केलेला चेरीचा रस ते रोज जवळजवळ एक लिटर पीत होते आणि 'आता नैसर्गिक उपाय आहे' म्हणून दोन्ही औषधे बंद केली होती. रक्तशर्कराही बरीच वाढलेली होती.

दोष त्या रसाचा जेवढा, तेवढा आमचाही होता. आठ महिन्यांत 'आपण पिण्यात काय काय घेता?' हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नव्हता. त्या दिवसापासून केसपेपरवर 'पेये' असा स्वतंत्र रकाना आम्ही घातला आहे.

या रुग्णात घडले ते समजण्यास अवघड नाही. साखर न घातलेल्या आंबट चेरीच्या 240 मि.लि. रसातही सुमारे 30 ग्रॅम शर्करा असते. फळशर्करा अधिक मात्रेत घेतल्यास युरिक ॲसिड वाढवते. अम्लरसाचे अतिसेवन तर चरकाचार्यांनी वातरक्ताच्या हेतूंत स्पष्ट सांगितले आहे. वाग्भटांनी अम्ल द्रव्य बहुधा पित्तकर सांगून दाडिम व आमलक हे दोन अपवाद केले आहेत. त्यांत चेरी आपण आपल्या मनाने तिसरी घालू नये. अल्पमात्रा, योग्य संयोग आणि योग्य काल हीच येथे वाट आहे, आणि ती वाट आचार्यांनी आधीच आखून ठेवली आहे.

खर्जूरादि मंथ : शास्त्रोक्त फलमिश्रण

ज्याला आज 'फ्रूट कॉकटेल' म्हणतात, त्याचे उत्तम रूप आपल्या संहितेत आहे. चरकसंहितेच्या संतर्पणीय अध्यायात खर्जूर, मृद्वीका, वृक्षाम्ल, अम्लिका, दाडिम, परूषक व आमलक यांचा मंथ मद्यविकारावर सांगितला आहे. शार्ङ्गधरांनीही तो घेतला असून मंथाची परिभाषा दिली आहे : एक पल द्रव्य, चार पल शीत जल, मृत्पात्रात घुसळणे आणि मात्रा दोन पल. एक पल 48 ग्रॅम धरल्यास मात्रा सुमारे 96 मि.लि. होते. रुग्ण एक लिटर पितो आणि शास्त्र अर्ध्या पेल्याहून कमी सांगते, हा फरक चिंतनीय आहे.

मंथात अग्निसंस्कार नाही. अँथोसायनिन द्रव्ये उष्णतेने घटतात, हे ध्यानात घेता चेरीसाठी क्वाथापेक्षा मंथच अधिक युक्त ठरतो.

चेरीयुक्त मंथाची कृती (चार मात्रा)

आंबट चेरी, बी काढलेली : 40 ग्रॅम
डाळिंबाचे दाणे : 30 ग्रॅम
काळ्या मनुका : 15 ग्रॅम
फालसा : 10 ग्रॅम (हंगाम नसल्यास दोन आमसुले)
ताजा आवळा, किसून : 5 ग्रॅम
शीत जल : 400 मि.लि.
भाजलेल्या जिऱ्याची पूड, वेलदोडा व सैंधव : चवीपुरते

१) मनुका धुऊन त्याच पाण्यापैकी अर्ध्या वाटीत दोन तास भिजवाव्यात. आमसुले घेतल्यास तीही सोबत भिजवावीत.

२) चेरी व फालसा हाताने कुस्करून बिया काढून टाकाव्यात. बियांसह चेरी मिक्सरमध्ये कदापि घालू नये. बीच्या गरातील अमिग्डॅलिनपासून सायनाइड हे विष निर्माण होते.

३) सर्व द्रव्ये मातीच्या भांड्यात घेऊन, भिजवलेल्या पाण्यासह उरलेले जल घालून रवीने चांगले घुसळावे. मातीचे भांडे नसल्यास काच अथवा स्टेनलेस स्टील चालेल. तांबे, कल्हई नसलेले पितळ व ॲल्युमिनियम अम्ल पदार्थास वर्ज्य.

४) स्वच्छ वस्त्राने गाळून जिरेपूड, वेलदोडा व सैंधव घालावे. साखर घालू नये. त्याच दिवशी, शक्यतो दोन तासांत संपवावे.

ताजी वा गोठवलेली आंबट चेरी न मिळाल्यास बिनसाखरेचा घट्ट रस 15 मि.लि. घ्यावा अथवा मे-जूनमध्ये काश्मीरची गोड चेरी घ्यावी. चेरी मुळीच न मिळाल्यास करवंद अथवा अधिक फालसा घालून केलेला मंथही शास्त्रसंमत व स्वस्त आहे. रुग्णाने परदेशी बाटलीसाठी खर्च केलाच पाहिजे असे नाही.

100 मि.लि. मात्रेत शर्करा सुमारे पाच ग्रॅम येते. घट्ट रस वापरल्यास दोन ग्रॅम अधिक धरावी. मधुमेही रुग्णास मनुका वगळून तेवढेच डाळिंबाचे दाणे घालावेत आणि ही शर्करा दिवसाच्या आहारात मोजावी.

काल, पात्र व निषेध

काल : ग्रीष्म ऋतू, दुपारी, भोजनाच्या आधी वा मधल्या वेळी. वर्षा ऋतूत चरकाचार्यांनी उदमंथ वर्ज्य सांगितला आहे. त्या काळात तो देऊ नये.

पात्र : तृष्णा, दाह, अरुची, श्रम, मलावष्टंभ. वातरक्तात वेग शांत असताना, चालू औषधांसह, आठवड्यातून तीन-चार दिवस.

निषेध : अम्लपित्त, अतिसार, कास-प्रतिश्याय, अग्निमांद्य. मूत्रपिंडाच्या जीर्ण विकारात फळांतील पोटॅशियममुळे तज्ज्ञांना विचारल्याविना देऊ नये.

विरुद्ध : दूध, आईस्क्रीम अथवा कंडेन्स्ड मिल्क घालून केलेले फलमिश्रण. अम्ल फळे व दूध यांचा संयोग विरुद्धाहारात गणला आहे. लग्नसमारंभांतून हाच प्रकार सर्वाधिक आढळतो.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

बाटलीवर आंबट चेरी की केवळ 'चेरी स्वाद', साखर घातली आहे की नाही, रस मूळ की पातळ केलेला, हे वाचूनच माल घ्यावा व गिऱ्हाइकालाही दाखवावे. 2005 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चेरीच्या पदार्थांवर रोगनिवारणाचे दावे करणाऱ्या 29 व्यावसायिकांना ताकीद दिली होती. आपल्याकडेही 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा व 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आहेत. त्याहून महत्त्वाचे असे की, काउंटरवर उच्चारलेले 'रामबाण' हे एक वाक्य रुग्णाची गोळी बंद करू शकते. 'औषध चालू ठेवा, हे केवळ पथ्य आहे' एवढे म्हटल्याने विक्री घटत नाही.

उपसंहार

आंबट चेरी हे परदेशी, रुचकर व मर्यादित गुणाचे फळ आहे. ते औषधाची जागा घेऊ शकत नाही, परंतु मंथाच्या रूपाने आहारात त्याला स्थान देता येते. वर उल्लेखिलेले गृहस्थ आज पुन्हा दोन्ही औषधे घेतात. उन्हाळ्यात फालसा-डाळिंबाचा मंथ एक पेला घेतात आणि पुढच्या भेटीत तो 'पेये' या रकान्यात आम्हांला स्वतःहून लिहून घ्यायला लावतात. वैद्यबंधूंनीही असा रकाना आपल्या केसपेपरवर घालावा, एवढीच नम्र विनंती.