खातं बदललंय म्हणणारा मेल

बेळगुंदी

चि. बाळास,

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत अकाउंट्सला लागलास आणि लगेच खरेदीचा मेलबॉक्सही तुझ्याकडे आला, असं वहिनी म्हणाली. इथं रताळ्यांची काढणी चाललीय, फोनवर सवडीनं बोलणं होत नाही, म्हणून लिहितो.

लॉटरी लागल्याच्या मेलची मला काळजी नाही. ते तू स्पॅममध्ये टाकशीलच. फक्त तळाशी ‘यादीतून नाव काढा’ असतं, तिथं दाबू नकोस. पत्ता चालू आहे हे कळलं की आणखी येतात.

भीती सभ्य मेलची. २०१५ च्या जानेवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत नोकरी मागणाऱ्याचा नम्र मेल आला, सोबत बायोडाटाची लिंक. निदान तीन कॉम्प्युटरवरून ती फाइल उतरवायचा प्रयत्न झाला, असं एफबीआयनं नोंदवलंय. वर्षभरानं, २०१६ च्या फेब्रुवारीत, चोरांनी त्याच बँकेच्या जवळपास ९५ कोटी डॉलरवर डाव टाकला. ८.१ कोटी मनिलाला गेलेच. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी अडले, ते पैसे घेणाऱ्या संस्थेच्या नावातल्या ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकलं म्हणून! असा अडाणी चोर दर वेळी भेटत नाही.

तुला येईल तो मेल कोल्हापूरच्या स्क्रॅपवाल्याच्या नावानं येईल: आमचं खातं बदललंय, या वेळचं पेमेंट नव्या खात्यावर टाका. खाली तुमचाच जुना पत्रव्यवहार, बिल नंबरही बरोबर. कारण मेलबॉक्स त्याचाच फुटलेला असू शकतो. नाव बघून थांबू नकोस, पूर्ण पत्ता वाच. इंग्रजी आर आणि एन चिकटले की एम वाटतो. पत्ता खरा निघाला तरी जुन्या बिलावरच्या नंबरला फोन लाव, मेलमधल्या नव्हे. आणि ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, लगेच पैसे पाठव’ असं साहेबांच्या नावानं आलं, तर उठून केबिनपर्यंत जाच. ओरडले तर ओरडू देत.

अधूनमधून सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग बघत जा. आत शिरलेला चोर मेलची प्रत गुपचूप स्वतःकडे वळवतो; नुसता पासवर्ड बदलून ती थांबत नाही.

एवढं करूनही पैसे गेले, तर नोकरीच्या भीतीनं लपवत बसू नकोस. साहेबांना सांग, बँकेला कळव, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन कर, त्याच क्षणी. रक्कम चोराच्या पहिल्या खात्यात असेपर्यंत ती गोठवता येण्याची आशा जास्त. तिथून ती फार लवकर हलते.

तुझा,
काका