सळईची ट्रॉली भरताना

जालन्यातून सळई नेणाऱ्या बांधवांना आम्ही एकच विचारतो: ट्रॉलीत माल किती भरला हे पाहता, कुठे ठेवला ते पाहता का? बैलगाडी उलाळ झाली की जू वर उठते. दोनचाकी ट्रॉलीचेही तसेच. वजन एक्सलच्या मागे गेले की दांडी ट्रॅक्टरचा मागचा भाग उचलते, मोठ्या चाकांची पकड सुटते. अति पुढे ठेवले तर पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून जड माल एक्सलच्या थोडा पुढे, तळाशी, साखळीने आवळलेला हवा. १२ मीटरची सळई मागे लोंबते, तोल तिथेच बिघडतो; मागच्या मोटारसायकलवाल्याचा जीवही धोक्यात येतो. माल बाहेर काढण्याची सवलत तर २०१४ साली नियमांतून गेली. बारीक सळई वाकवून भरावी. जाड असेल तर लांब ट्रेलर मागवावा, भाडे जास्त पडले तरी. उतरवताना मागचा माल आधी काढावा. पुढचा आधी काढला की दांडी उसळते.