फुलपाखरांची वंशावळ व पिकांवरील किडींची ओळख

जुन्नर तालुक्यात नारायणगाव परिसरात टोमॅटो, तर आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भात घेतला जातो. या पिकांवरील बऱ्याच अळ्या फुलपाखरांच्या वा पतंगांच्या असतात. अळीची जात कळल्याशिवाय उपाय नेमका ठरत नाही. कामगंध सापळ्यात घाटेअळीचा ल्युर लावल्यास टोमॅटोवरील टूटा नागअळीचे पतंग सापडत नाहीत, कारण प्रत्येक जातीचा गंध वेगळा असतो.

जात व नाते ओळखण्यासाठी तंतुकणिकेतील डीएनए उपयोगी पडतो. तंतुकणिका म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणारा घटक. फुलपाखरांत तिचा डीएनए सुमारे १५ ते १६ हजार अक्षरांचा असून त्यात ३७ जनुके असतात. तो आईकडूनच पुढील पिढीत येतो. फेरफार नोंदींवरून जमीन कोणाकडून कोणाकडे आली हे समजते, त्याचप्रमाणे डीएनएमधील बदलांवरून वंश समजतो. दोन जातींत फरक जितका कमी, तितके त्यांचे नाते जवळचे.

भातावरील चपळ फुलपाखरू : जाड अंग व आकड्यासारख्या मिशांमुळे हे कुळ पूर्वी फुलपाखरांपासून वेगळे धरीत. डीएनएवरून ते फुलपाखरांतीलच ठरले. उलट लिंबावरील फुलपाखराच्या कुळाची शाखा त्याआधीच वेगळी झाली होती.

लिंबावरील अळी : लिंबाचे फुलपाखरू व नीलवंत ही एकाच प्रजातीतील भावंडे. दोघांच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांची पाने खातात व लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. नीलवंत हे २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. म्हणून मोठ्या झाडावर चार-दोन अळ्या दिसताच फवारणी करू नये. लहान कलमांवरील अळ्या हाताने वेचाव्यात.

टोमॅटोवरील टूटा : ही कीड मूळची दक्षिण अमेरिकेतील. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये व २०१४ मध्ये पुणे भागात आढळली. अशा नव्या किडीची खात्री करण्यासाठी तंतुकणिकेतील एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. २००३ मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी ही पद्धत मांडली. अळी, कोष किंवा पतंगाचा एखादा पाय असला तरी ओळख पटते.

मात्र या डीएनएवरून फक्त आईकडची बाजू कळते. दोन जातींचा संकर झाला असल्यास निष्कर्ष चुकू शकतो. त्यामुळे पेशीकेंद्रातील जनुकेही तपासावी लागतात. अशा ३९१ जनुकांच्या २०२३ मधील अभ्यासानुसार फुलपाखरे सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी अमेरिका खंडात पतंगांपासून उगम पावली.

अनोळखी अळी दिसल्यास पुढीलप्रमाणे करावे :

१. चार-पाच अळ्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवाव्यात. फॉर्मॅलिन वापरू नये, त्याने डीएनए खराब होतो.

२. चिठ्ठीवर गाव, पीक, तारीख व नुकसानीचा प्रकार पेन्सिलीने लिहावा.

३. नमुना नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा व ओळख पटल्यावरच औषध निवडावे.

नेमकी ओळख झाल्यास अनावश्यक फवारणीचा खर्च वाचतो व मित्रकीटकही टिकतात.