पत्त्यांच्या वाटेने पूर्वजांकडे : कौटुंबिक इतिहास-शोधाचा एक पाठ

ज्या घराण्यांना सनदा आणि इनामे मिळाली, त्यांच्या वंशावळी दप्तरांत सुरक्षित राहिल्या. गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या माणसांच्या वंशावळी जपण्याची गरज कोणाला वाटली नाही. म्हणून आजही आपल्या बहुतेक घरांत पणजोबांच्या पलीकडचे नाव विचारले, की सारे एकमेकांकडे पाहू लागतात. परंतु याचा अर्थ आपल्या पूर्वजांची नोंदच झाली नाही, असा नव्हे. महसूल खाते, शाळा, सैन्य, नगरपालिका यांनी त्यांची नावे लिहून ठेवली आहेत. ती त्यांच्या गौरवासाठी लिहिलेली नाहीत. सारा वसूल करण्यासाठी आणि सेवा करून घेण्यासाठी लिहिलेली आहेत. तरीही ती आहेत, आणि ती वाचायला शिकणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

शोधाची सुरुवात नावापासून न करता पत्त्यापासून करावी. कारण सरकारी दप्तर माणसांनुसार लावलेले नसते, ते ठिकाणांनुसार लावलेले असते. ‘सखाराम’ या नावाने काहीच हाती लागणार नाही. परंतु गाव, तालुका, जिल्हा ठाऊक असेल तर त्या गावच्या नोंदवहीत तो सखाराम सापडण्याची शक्यता निर्माण होते. पुन्हा जुन्या नोंदींत आपल्या लोकांच्या नावापुढे आडनाव क्वचितच असते. त्या जागी जात लिहिलेली असते. एकाच गावात त्याच नावाची तीन माणसे असतील, तर बापाचे नाव आणि राहण्याची जागा हाच त्यांच्यातील भेद.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र. त्यांच्या कुटुंबाचे मूळ आडनाव सकपाळ. गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा जन्म मध्य भारतातील महू येथे झाला, कारण वडील सुभेदार रामजी तेथील लष्करी छावणीत होते. पुढे साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. नोंदणी क्रमांक १९१४. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नंतर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या, लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड, दादरचे राजगृह आणि दिल्लीतील २६, अलिपूर रोड. केवळ हे पत्ते क्रमाने मांडले तरी छावणी, शाळा, कामगारवस्ती, विद्यापीठ आणि राजधानी असा संपूर्ण प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो. यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. ज्याचे नाव भीमराव, त्याची शाळेतील नोंद ‘भिवा’ आहे, आणि सकपाळांचा मुलगा तेथे ‘आंबेडकर’ आहे. आपल्या आजोबांचे नाव कागदावर वेगळे दिसले, म्हणून तो कागद आपला नाही असे घाईने ठरवू नये. शिवाय ‘कर’ने संपणारी आडनावे बहुधा गावावरून आलेली असतात, असे आडनाव हाच हाती असलेला सर्वांत जुना पत्ता समजावा.

गाव निश्चित झाल्यावर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षाकडे वळावे. शोधात तीन प्रकारचे कागद उपयोगी पडतात. पहिला, जन्म-मृत्यूची नोंद. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा असला, तरी त्याआधीही गावपातळीवर गाव नमुना १४ मध्ये आणि विदर्भात कोतवाल बुकात या नोंदी होत असत. दुसरा, जमिनीचा कागद : सातबारा, फेरफाराचा गाव नमुना ६ आणि वारसांचा ६-क. बाप वारला की मुलांची नावे चढतात. म्हणून वारसाच्या एका फेरफारात एक संपूर्ण पिढी सापडते. ‘आम्हाला जमीनच नव्हती’ असे म्हणून हा मार्ग सोडू नये. महार वतनाच्या जमिनींची नोंद दुमाला जमिनींच्या वहीत म्हणजे गाव नमुना ३ मध्ये पाहावी. याच वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी ते १९१८ मध्ये रद्द केले. मुंबई राज्यात त्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. त्या कायद्यानुसार जमिनी फेरप्रदान झाल्या, तेव्हाचे फेरफार अवश्य मिळवावेत, कारण त्यांत वतनदार कुटुंबांची नावे येतात. तिसरा कागद शाळेचा, त्याविषयी पुढे.

हे कागद वाचताना काही शब्द माहीत असावेत. ‘बिन’ आणि ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची पत्नी, ‘मयत’ म्हणजे वारलेला, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. जुनी पाने मोडीत असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. मराठवाड्यातील निजामकालीन कागद बहुधा उर्दूत आणि फसली सनात असतात. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारणपणे कळतो.

मुंबईत आलेल्या कुटुंबांचा माग चाळीच्या खोली क्रमांकावरून लागतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. भाडेपावती, रेशनकार्ड, गिरणीतील नोकरीचा कागद, जुनी मतदार यादी यांवर तो क्रमांक असतो. एका मजल्यावर पुष्कळदा एकाच तालुक्यातील माणसे राहत. म्हणून आपले गाव विस्मरणात गेले असेल, तर शेजाऱ्यांचे गाव विचारावे. पुनर्विकासात या चाळी आता पाडल्या जात आहेत. इमारतीबरोबर खोली क्रमांकही जाईल. तो आजच लिहून ठेवणे आवश्यक आहे.

शाळेचे जनरल रजिस्टर हा आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत बोलका कागद होय. त्यातील जन्मतारीख मात्र सावधपणे घ्यावी. तारीख ठाऊक नसलेल्या मुलांच्या नावापुढे गुरुजींनी सर्रास ‘१ जून’ लिहिले, हे सर्वांना माहीत आहे. परंतु धर्म आणि जातीचा रकाना पाहावा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या अलीकडे-पलीकडे शाळेत घातलेल्या सख्ख्या भावंडांपैकी थोरल्यापुढे ‘हिंदू महार’ आणि धाकट्यापुढे ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ अशी नोंद दिसू शकते. धर्मांतराची कोणतीही सभा, कोणतेही भाषण त्या पानावर नाही. तरी त्या घराने घेतलेला निर्णय त्या एका शब्दात उमटलेला असतो.

जातीचा जुना उल्लेख पाहून कोणी लाजू नये, आणि तो खोडण्याचा मोह तर कदापि धरू नये. खाडाखोड झालेला कागद पडताळणीत संशयास्पद ठरतो आणि त्याचे फळ नातवंडांना भोगावे लागते. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० हा दिनांक महत्त्वाचा आहे. त्यापूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा ज्या घरात जपलेला असतो, त्या घरातील मुलांची धावपळ वाचते. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत स्थान १९९० मध्ये मिळाले. म्हणून जुनी जातनोंद आणि पुढील बौद्ध नोंद या दोन्हींची साखळी जुळलेली असणे हिताचे असते.

या साऱ्या कागदांत एक मोठी पोकळी आहे, ती स्त्रियांची. आजीचे नाव ‘कोम’ या शब्दापुढे लपलेले असते किंवा नसतेच. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, प्रामुख्याने उत्तर व मध्य भारतात, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून वगळावी लागली, कारण त्या ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘अमक्याची आई’ अशाच नोंदल्या गेल्या होत्या. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव यावे, हा महाराष्ट्र शासनाचा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु तो मागच्या पिढ्यांना लागू होत नाही. आजीचे माहेरचे गाव, तिच्या आईचे नाव, तिने कोणत्या बंदरावर, शेतावर वा गिरणीत काम केले, हे केवळ वृद्ध माणसेच सांगू शकतात. जनगणनेचे वैयक्तिक तक्ते पाहावयास मिळत नाहीत; तेथून फक्त आकडे मिळतात. म्हणून घरातील वृद्ध माणूस हेच येथे आपले अभिलेखागार, आणि ते कायम उघडे राहणार नाही.

शोध घेताना तीन नियम पाळावेत. वर्तमानापासून एकेक पिढी मागे जावे, मधली पिढी गाळू नये. एका कागदावर विसंबू नये. ऐकीव माहितीला कागदाचा आणि कागदाला दुसऱ्या कागदाचा आधार शोधावा. प्रत्येक प्रतीवर ती कोणत्या कार्यालयातून, कोणत्या तारखेला मिळाली हे लिहावे. प्रमाणित नकलेसाठी साधा अर्ज पुरतो. बऱ्याच तालुक्यांचे कागद आता ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही पाहता येतात.

या स्मरणिकेच्या वाचकांना, विशेषतः आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांना, एवढीच विनंती आहे. येत्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत एक वही घ्यावी. पहिल्या पानावर स्वतःचे आजवरचे सर्व पत्ते, दुसऱ्यावर आईवडिलांचे, तिसऱ्यावर चारही आजी-आजोबांचे लिहावेत. प्रत्येक पत्त्यापुढे तेथे कधी आलो, का आलो आणि ते ठिकाण का सोडले, हे लिहावे. जे ठाऊक नाही ती जागा कोरी ठेवावी. कोणते कार्यालय गाठायचे आणि कोणाजवळ जाऊन बसायचे, हे ती कोरी जागाच सांगेल. वही पूर्ण झाल्यावर तिची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. पुढील स्मरणिका निघेल तेव्हा आपल्या मुलांना पणजोबांचे नाव विचारता येईल, आणि पणजीचेही.

जय भीम. नमो बुद्धाय.