बर्फातील सुटीचा दिवस

सुटी म्हटले की आपल्याला रविवार आठवतो. परंतु ज्यांचे काम इतरांच्या सुटीवरच चालते, त्यांना रविवारी उसंत कोठून मिळणार? काश्मीरमधील गुलमर्ग येथे हिवाळ्याच्या हंगामात काम करणाऱ्यांच्या सुटीविषयी या पाठात वाचायचे आहे.

गुलमर्ग हे सुमारे २६५० मीटर उंचीवरील विस्तीर्ण कुरण आहे. भारताच्या नकाशात पीर पंजाल ही पर्वतरांग शोधा. तिच्याच कुशीत ते वसले आहे. काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरला सुरू होणारा ‘चिल्लई कलान’ चाळीस दिवसांचा, त्यानंतरचा ‘चिल्लई खुर्द’ वीस दिवसांचा आणि शेवटचा ‘चिल्लई बच्चा’ दहा दिवसांचा. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ या काळात पर्वतांना अडतात आणि बर्फ पडतो. शेतीची कामे थंडावलेली असतात. मग टंगमर्ग परिसरातील गावांतून माणसे वर येतात. कोणी वाटाड्या होतो, कोणी प्रवाशांची घसरगाडी ओढतो, कोणी स्की भाड्याने देणाऱ्या दुकानात बसतो. हॉटेलांतील कर्मचाऱ्यांत दूरच्या प्रांतांतून आलेले तरुणही असतात. नाताळापासून नववर्षापर्यंत त्यांना मान वर करायला सवड नसते. शनिवार-रविवारीही तीच धावपळ. त्यामुळे त्यांच्या वाट्याला सुटी येते ती बहुधा आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, आणि हेच त्यांचे भाग्य. कारण त्या दिवशी उतारावर गर्दी नसते.

एके काळी हा खेळ साहेब लोकांचा होता. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये येथे स्की क्लब स्थापन केला. पुढे १९६८ मध्ये येथे सरकारी प्रशिक्षण संस्था आली. १९९८ मध्ये कोंगदूरीपर्यंत, तर २००५ मध्ये अफरवट पर्वताच्या खांद्यावर, सुमारे ३९५० मीटर उंचीवर, गोंडोला म्हणजे रज्जुमार्ग पोहोचला. पर्यटकांची सेवा करणाऱ्यांच्या मुलांनीही हे उतार आपलेसे केले. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आरिफ खान. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या साहित्याचे दुकान होते. जायंट स्लॅलम या शर्यतीत तो ४५ वा आला. हा क्रमांक मोठा नाही, असे कोणाला वाटेल. परंतु ज्या देशात बहुसंख्य लोकांनी बर्फ पाहिलेलाच नाही, त्या देशाच्या दृष्टीने तो लहानही नाही.

नवखा कर्मचारी सुटीच्या दिवशी कुरणातील सौम्य उतारावर आरंभ करतो. पहिला धडा थांबण्याचा असतो. दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणायची, मागची टोके फाकवायची आणि आतल्या कडा बर्फात रोवायच्या. आपले दोन्ही तळवे टेबलावर ठेवून हा आकार करून पाहा. नांगराच्या फाळाची आठवण होईल. फाकण वाढली की वेग मंदावतो. पडल्यावर स्की उताराला आडव्या करूनच उठावे लागते, नाही तर माणूस उठता उठताच घसरू लागतो. पहिल्या दिवशी खेळण्यापेक्षा उठण्यातच वेळ जातो. सायंकाळी मांड्या भरून येतात आणि दुसऱ्या सकाळी त्याच पायांनी जिने चढून पाहुण्यांना चहा द्यायचा असतो. तरीही पुढच्या सुटीची वाट पाहिली जाते! काल ज्या डोंगराकडे केवळ खिडकीतून पाहिले, त्याच्या अंगावरून आज आपण स्वतः घसरत आलो, हा आनंद पगारात मोजता येत नाही.

काही हंगामांनंतर पाय स्थिरावतात आणि अफरवट खुणावू लागतो. येथे मात्र सुटीचा मोह घातक ठरू शकतो. मोठ्या हिमवर्षावानंतरचे पहिले एक-दोन दिवस भुसभुशीत बर्फामुळे सर्वांत मोहक असतात आणि तेच सर्वांत धोक्याचेही. जुन्या ठिसूळ थरावर नव्या बर्फाचा भार पडलेला असतो. एका माणसाच्या वजनानेही तो थर निसटू शकतो. ‘माझी सुटी आजच आहे’ हे कारण डोंगर ऐकून घेत नाही. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवरील हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच दुर्घटनेत एक रशियन स्कीपटू दगावला. म्हणून जाणकार माणूस आधी हिमस्खलनाचा इशारा वाचतो, एकटा जात नाही, आणि शोधयंत्र, फावडे व शोधकाठी जवळ बाळगतो. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची आशा पहिल्या काही मिनिटांनंतर झपाट्याने मावळते. तेवढ्या वेळात धावून येणारा मदतनीस म्हणजे बहुधा शेजारचा सोबतीच.

आणखी एक संकट अलीकडे वाढले आहे. जानेवारी २०२४ मध्ये महिन्याच्या अखेरीपर्यंत गुलमर्गचे कुरण जवळजवळ कोरडे होते. २०२५ मध्ये बर्फाअभावी ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा तेथील टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. बर्फ नसला की प्रवासी येत नाहीत, स्की दुकानात टांगलेल्या राहतात आणि वाटाड्याला रोज सुटी मिळते; बिनपगारी. अशा सुटीत कोणी उतारावर जात नाही. तेथे गवताखेरीज काही नसते. दुकानदार दारात कांगडीवर हात शेकत आकाशाकडे पाहत बसतो.